शनिवारचं तेल

"वैनी, ऐकताय न्हवं?"

"काय ऐकू?"

"गाडी बोलायलीया."

"तुमच्यापेक्षा कमीच बोलतीया. चला फुडं."

दौलूभावजी माझे धाकटे दीर. गाडी तेच चालवत होते. मागच्या सीटवर मी एकटी, मधोमध, करडईच्या तेलाचा पाच किलोचा डबा पायांत घट्ट धरून. जत सोडून अर्धा तास झाला असेल. वैशाखातलं ऊन सकाळी नवालाच डोळ्यांत खुपत होतं आणि बॉनेटखालून आवाज येत होता, कुणी घाईघाईत अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा. कट कट कट कट.

भावजींना तो तेव्हा ऐकू आला. मला जतच्या अलीकडंच आला होता. माझा जन्म घाण्यावर गेला. बैल बाहेर फिरत असायचा आणि मी आत चुलीपाशी बसून, घाण्यातल्या मुसळाच्या, लाटेच्या नुसत्या आवाजावरनं सांगायची, लाट कोरडी चाललीया, पाण्याचा शिपका मारा. कोरड्याचा आवाज मला कळतो. तरी बोलले नाही. बोलले असते तर भावजींनी गाडी थांबवली असती, आणि मला थांबायचं नव्हतं. दोन वाजायच्या आत मिरजेला पोचायचं होतं.

आदल्या दिवशी सोसायटीतल्या फोनवर निरोप आला. तिथला शिपाई सायकल मारत आमच्या दारात आला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

"आक्का, मिरजेचा फोन हुता. शालनताईच्या डोक्यात गाठ निघालीया. उद्या दोन वाजता आत नेणार. मोठा डॉक्टर पुण्यासनं येतो, फकस्त शनवारी. वाचंल का सांगता येत न्हाई, आणि वाचली तरी माणूस वळखंल का ते बी सांगता येत न्हाई म्हणालेत. त्याआधी एकदा आईला बघायचंय म्हणती."

आणि तिथंच उभा राहिला, मी काय म्हणते ते बघत. सगळ्या गावालाच ते बघायचं होतं. शालन माझी थोरली लेक. अकरा वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते.

"ऐकलं," मी म्हणाले. "जा आता. तुझी सायकल उन्हात तापायलीया."

तो गेल्यावर मी भावजींना लगेच जतला पिटाळलं आणि गाडीत पेट्रोल भरून आणायला लावलं. शुक्रवारीच. पेट्रोलला कुणी तेल म्हणत नाही, पण उगाच शंका नको.

आम्ही तेली. आमच्या घराला शनिवार पाळायचा असतो. शनिवारी घाणा जुंपायचा नाही, तेल विकायचं नाही, विकत घ्यायचं तर नाहीच नाही. गावात लग्न असो की मयत, शनिवारी आमच्या दारात भांडं घेऊन यायची कुणाची छाती नव्हती. आमच्यासारखीच आणखी घरं आहेत, त्यांचा सोमवार असतो. बाकी सगळं तेच. तीच करडई, तोच घाणा, तेच देव. पण आमच्या वेळेला सोयरीक होत नव्हती. शनिवारवाल्यांनी शनिवारवाल्यांत द्यायचं, सोमवारवाल्यांनी सोमवारवाल्यांत.

शालननं केला तो सोमवारवाला. उमाकांत त्याचं नाव. मिरजेत किराणा मालाचं दुकान.

"एका वाराचा तर फरक हाय, आई," ती म्हणाली होती.

"मग दुसरा कशाचा असतो? बाकी माणसं सगळी दोन पायांचीच असत्यात."

तिनं लग्न केलं, मी दार लावलं. मालकांनी दोन-तीनदा जेवताना विषय काढला. मी ताट सारून उठले, मग त्यांनीही काढायचं सोडलं. मालक गेले तेव्हा शालन आली होती. मी तिला सोप्याच्या पायरीवर चढू दिलं नाही. बापाचं तोंड तिनं अंगणातूनच बघितलं, परक्या बायकांत बसून रडली आणि शेवटच्या एसटीनं माघारी गेली.

ती पांढरी अँबेसिडर मालकांचीच. एका डॉक्टरकडून जुनीच घेतलेली, पण आमच्या दारात आली तेव्हा अख्ख्या गावानं तिला ओवाळलं होतं. मालकांच्या मागं ती गोठ्याशेजारी उभी असायची. महिन्यातनं एकदा भावजी बाजाराला काढायचे. निघताना ते म्हणाले होते, "वैनी, एसटीनं जाऊ या. हिचा भरवसा न्हाई."

"अकरा वर्षांनी जावयाच्या दारात एसटीतनं उतरू? पदराला शेंगांची टरफलं चिकटवून?"

मग त्यांनी गपचूप गाडी पुसायला घेतली.

"वैनी, लाल दिवा लागलाय," भावजी आता म्हणाले.

"कसला?"

"ह्यो बगा. ऑइलचा."

"दिवाच लागलाय न्हवं? आग तर न्हाई लागली?"

भावजी हसले. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, फार कमी बोलायची. ते सगळ्यांना सांगायचे, आमच्या घरात दोघींच्या वाटचं वैनीच बोलत्यात.

पण कवठ्याच्या अलीकडच्या चढाला त्यांचं हसू गेलं. वरची कटकट आत, खाली उतरली. रिकाम्या उखळात मुसळ घालावं तसं ठक, ठक, ठक. माझ्या पायाखालचा पत्रा हलायला लागला. भावजींनी पाय हलका केला की ते ठोके कमी व्हायचे, दाबला की पुन्हा. अशी रखडत रखडत आम्ही कवठे महांकाळ गाठलं.

रस्त्याकडेला पत्र्याचं शेड होतं, बाहेर टायरांची चवड. आमचा आवाज ऐकूनच आतला मिस्त्री हात वर करत रस्त्यावर धावला.

"बंद करा! पयली बंद करा!"

दस्तगीर त्याचं नाव. पन्नाशीचा, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. भावजींची आणि त्याची जुनी ओळख निघाली; कुठं आणि कशासाठी निघालोय ते भावजींनी त्याला सांगून टाकलं. त्यानं बॉनेट उघडून एक लांब पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि माझ्या काचेपाशी आणून उन्हात धरली.

"आक्का, काय दिसतंय?"

"पट्टी."

"पट्टीच दिसतीया. तिच्यावर ऑइल दिसाय पायजे. थेंब न्हाई. सगळं मागनं गळून गेलंय, लोखंडावर लोखंड घासायलंय. अशीच नेली तर इंजिन जाम हुणार. चार लिटर टाकतो. दहा मिनटाचं काम. गळती हाय ती हायच, पण मिरजेपतोर जाशीला."

"टाका, टाका," भावजी म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले. "भावजी, आज वार कुठला?"

भावजींनी कपाळाला हात लावला. "वैनी, अवो आता तरी..."

"शनवार की," दस्तगीर म्हणाला. "आज गिऱ्हाईक न्हाई, लगेच करतो."

"शनिवारी आम्ही तेल घेत न्हाई."

दस्तगीरनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भावजींकडं, मग पट्टीकडं. हसावं की नाही ते त्याला कळेना.

"आक्का, ह्ये तेल न्हवं. ह्ये ऑइल हाय."

"ऑइल म्हंजे काय?"

"ऑइल म्हंजे... ऑइलच की."

"म्हंजे तेलच न्हवं?"

"इंग्रजीत."

"मग शनिवार काय नुसता मराठीत असतो?"

भावजी तोंड फिरवून खोकल्यासारखं हसले. दस्तगीर नाही हसला. तो खाली बसला, माझ्या दाराशी, म्हाताऱ्या माणसाला समजवायला बसतात तसा.

"ह्ये बियातनं निघत न्हाई, आक्का. जमिनीच्या पोटातनं निघतं. शेंग न्हाई, करडई न्हाई, बैल न्हाई. तुमच्या घाण्याशी ह्येचा काय संबंध?"

"मी घेतो वैनी," भावजी म्हणाले. "तुम्ही घेऊच नका. माझ्या नावावर."

"तुम्ही काय शेजारच्या घरातले?"

"बरं, विकत नको," दस्तगीर म्हणाला. "आजारी लेकीकडं निघालाय न्हवं? माझ्याकडनं असू दे. तसंच टाकतो."

"शनिवारी तेलाचं दान घेणारे आम्ही न्हवं. ते घेणारे वेगळे, ते दारोदार फिरत्यात."

माझं हे बोलणं त्याला लागायला हवं होतं. त्यानं लावून घेतलं नाही. उठला, रस्त्यापलीकडच्या लिंबाकडं बोट केलं.

"असं करा. त्या लिंबाखाली बाकडं हाय. तिकडं तोंड करून बसा. च्या सांगतो. दहा मिनटानं या, गाडीत बसा आणि जावा. हिकडं मी काय केलं ते तुमाला म्हाईत न्हाई. तुमचा वार बी मोडला न्हाई, लेक बी भेटली."

मी लिंबाकडं बघितलं. दाट सावली होती. बाकावर कुणी नव्हतं. साडेदहा वाजून गेले होते. मी गाडीचं दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

दुसरा पाय काढताना डब्याला लागला. डबा डुचमळला आणि आतलं तेल बोललं. मी तशीच थांबले. एक पाय रस्त्यावर, एक गाडीत.

"भावजी," मी म्हणाले, "ह्यो डबा घ्या."

"कशाला?"

"ह्ये विकतचं न्हाई, दानाचं न्हाई. घरचं हाय. शुक्रवारी काढलेलं. ह्ये ओता."

भावजींनी डब्याला हात लावला नाही.

तो डबा शालनसाठी होता. गरम भाकरी, जवसाची चटणी आणि वर कच्च्या करडईच्या तेलाची धार, एवढं असलं की तिला दुसरं काही लागायचं नाही. उमाकांतच्या दुकानात पिशवीतलं तेल असायचं, पाण्यासारखं, ना वास ना रंग. ते खाऊनच माझ्या पोरीच्या डोक्यात गाठ झाली असं मी आदल्या दिवसापासून घरात सगळ्यांना सांगत होते.

"आक्का," दस्तगीर सावकाश म्हणाला, "इंजिन हाय ते. कढई न्हवं."

"तेलाचं काम काय? घासू न द्यायचं. चाळीस वर्षं मी तेल बघतीया. तुम्ही मला शिकवणार?"

"तापलं की ह्येचा जीव राहत न्हाई. पातळ हुतंय, जळतंय. आत आधीच मार बसलाय..."

"भावजी, ओतताय का मी उतरू?"

दस्तगीरनं फडक्याला हात पुसले आणि दोन पावलं मागं सरला. "माझ्या हातनं न्हाई व्हायचं ते."

ओतलं भावजींनीच, वर्तमानपत्राच्या पुंगळीतनं. पिवळंधमक तेल, पुंगळी मऊ पडली म्हणून थोडं इंजिनावर सांडलं. डबा पार रिकामा झाला. किल्ली फिरवली. गाडी एकदा ठोकली, दोनदा ठोकली, आणि आवाज गेला. अगदी सगळा नाही, पण गेला. लाल दिवाही विझला.

"काय मिस्त्री?" मी काचेतनं म्हणाले.

"पोचा म्हंजे झालं," तो म्हणाला.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी शहाण्यासारखी चालली होती. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मधेच पानमळे. वारा गरम होता तरी बरा वाटत होता. आणि मग वास यायला लागला.

"वैनी, भजी तळल्याचा वास येतोय."

"येऊ दे."

"मागची एसटी भुकेनं आपल्या मागं मागं यायची मिरजेपतोर."

मला हसू आलं. मालक गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. भावजींनी आरशातनं बघितलं आणि त्यांना जोर आला.

"शालीला पयलं काय म्हणणार?"

"म्हणीन, एवढी वाळलीस कशानं."

"ती म्हणंल, तुझ्यामुळं."

"म्हणू दे. अकरा वर्षांचं साठलंय तिचं. म्हणू दे सगळं. मी मधी बोलणार न्हाई."

"तुम्ही? मधी न बोलता?"

"गाडी बघून चालवा."

त्यांनी पुढं बघितलं आणि तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. मागं बघितलं तर रस्ता दिसत नव्हता, पांढरा धूर. ठोके सुरू झाले ते आता मुसळाचे नव्हते, घणाचे होते. भावजींनी गाडी कडेला घ्यायच्या आत पोटात काहीतरी कडाडलं, गाडीनं एक हिसका दिला आणि जागच्या जागी उभी राहिली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

रस्त्याकडेच्या दगडावर लिहिलं होतं, मिरज १८. आकडे मला वाचता येतात.

"गार झाली की सुटंल," भावजी म्हणाले. मीही तेच म्हणाले. एकमेकांना तेच सांगत आम्ही सव्वा तास बसलो. सावली नव्हती. गाडीच्याच सावलीत मी रस्त्यावर मांडी घातली, जिच्यात बसून जावयाच्या दारात उतरायचं होतं तिच्या चाकाला टेकून. मग भावजींनी पुढनं हँडल घातलं आणि दोन्ही हातांनी जोर केला. हँडल हललं नाही. पुन्हा केला. त्यांच्या गळ्याच्या शिरा टरारल्या, सदरा ओला झाला. हँडल तिथंच.

"वैनी, जाम झालीया. आता ती न्हाई हलायची."

पाऊण वाजून गेला होता. मग मी उठले आणि रस्त्यावर हात वर करून उभी राहिले. मी कुणापुढं हात केला नव्हता कधी. लग्नाचे दिवस. एसटी आली, वऱ्हाडानं खच्चून भरलेली, थांबली नाही. दुसरी आली, तिच्या दारात माणसं लोंबकळत होती, तीही गेली. एका जीपवाल्यानं वेग कमी केला, आत बघितलं, मान हलवली. जळलेलं तेल अजून भज्यांचा वास देत होतं आणि येणारी-जाणारी माणसं नाक वर करून हसत होती.

शेवटी पानाच्या डालग्यांनी भरलेला एक टेंपो थांबला. मला पुढं बसवलं, भावजी मागं डालग्यांवर आडवे झाले. टेंपोवाल्याला पान उन्हात सुकायची काळजी, म्हणून तो मधे कुठं थांबला नाही, पण टेंपोच तो, चालायचा तेवढाच चालला. बाजारात उतरलो, टांगा केला. टांगेवाल्याला मी घोड्याला मारायला सांगितलं. त्यानं मारलं.

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा होता. टोकाला हिरवं दार, त्याच्यासमोर बाकावर उमाकांत एकटा. मला बघून उठला. पुढं आला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी त्याला पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. केस पिकले होते त्याचे.

"पंधरा मिनिटं झाली," तो म्हणाला. "मी डॉक्टरांना पाच मिनिटं थांबवलं होतं. जास्त थांबले नाहीत ते."

मी हिरव्या दाराकडं बघत राहिले.

"गाडीतलं ऑइल संपलं," भावजी माझ्या मागून बोलले. "कवठ्यात लई हिंडलो. कुठंच मिळालं न्हाई. दुकानं बंद. आज शनवार."

चाळीस वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते माझ्याकडं न बघता बोलले.

"आज शनिवार म्हणूनच तिला खात्री होती," उमाकांत म्हणाला. "सकाळी मी भीत भीत म्हटलं, आई येतील का गं? तर म्हणाली, आज शनिवार. घाणा बंद असतो. आई आठवड्यातनं आजच काय ती मोकळी असते. येईल बघा."

त्यानं मला बाकावर बसवलं आणि पाणी आणायला गेला.

बत्तीस वर्षं झाली या गोष्टीला. दस्तगीर खरं बोलतोय हे मला कवठ्यातच कळलं होतं. त्याच्या डब्यातलं आमच्या घाण्याचं नव्हे, हे कळायला शाळा लागत नाही. शनीचं भय म्हणाल तर तेही नव्हतं. लिंबाखाली जायला मी पाय खाली टाकला, आणि तेव्हा मनात आलं, नुसतं पाठ फिरवून बसलं की जर शनिवार सुटतो, तर तो अकरा वर्षांपूर्वीही सुटला असता. मालक होते तेव्हा सुटला असता. मग मी पोरीला पायरी चढू दिली नाही ती कशासाठी? त्याचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी डबा उचलला. तिच्यासाठी निघाले होते, आणि तरी उचलला.

सात वाजता तिला बाहेर आणलं. डोकं पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेलं, तोंड सुजलेलं. हात तेवढे तिचे होते. मी हात धरला, गरम होता. एवढी वाळलीस कशानं, म्हटलं. पुन्हा म्हटलं. नर्स म्हणाली, बोलू नका, त्यांना ऐकू येत नाही. मी चार दिवस बोलत राहिले. बुधवारी सकाळी ती गेली. डोळे उघडले नाहीत.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर त्यांची सगळी भावकी जमली होती. सोमवारवाले. मी एका बाजूला बसले होते. त्यांच्यातली एक म्हातारी, उमाकांतची चुलती, मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसरीला म्हणाली, "आई म्हणं. शेवटच्या घडीला बी पाय उचलंना हिचा."

तिला द्यायला माझ्याकडं दहा उत्तरं होती. पण माझ्या आधी उमाकांत बोलला. पाण्यातनं बाहेर येत होता, डोकं भादरलेलं, धोतर ओलं.

"काकी, आईंना काही बोलायचं नाही. त्या निघाल्या होत्या. सकाळी आठला निघाल्या होत्या. गाडीनं घात केला, त्यांचा काय दोष?"

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. चुलतीचाही चेहरा मऊ झाला, तिनं डोळ्याला पदर लावला. दौलूभावजी पायरीवर बसून पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होते.

"हो," मी म्हणाले. "गाडीच जुनी झाली होती."